शेवाळाची साक्ष

एखादी गोष्ट आपल्याला नको असली की आपण आधी तिला नावे ठेवतो. नावे ठेवून झाली की तिला उपटून फेकायला आपण मोकळे होतो. फेकून झाल्यावर ती मुळात आली कुठून, हे विचारायची गरज उरत नाही. हा विचार मला कोणता ग्रंथ वाचताना सुचला नाही. तो सुचला घरातल्या काचेच्या पेटीवर चढलेल्या शेवाळामुळे. म्हणून आधी त्या पेटीची हकीकत सांगतो.

मी नेरूळला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. लहानपणी अब्बांनी मला मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेले होते. १९५१ साली सुरू झालेली ती इमारत तेव्हाच जुनी वाटत होती, पण आतल्या काळोखात उजळलेल्या काचा आणि त्यामागे फिरणारे रंगीत मासे डोळ्यांतून गेले नाहीत ते आजतागायत. पस्तिशी ओलांडल्यावर ती हौस पुरी करायची संधी आली. आमचे एक शेजारी नोकरीसाठी दम्मामला निघाले आणि त्यांची चार फुटी काचेची पेटी मला स्वस्तात देऊन गेले. पेटीत साधारण २०० लिटर पाणी मावते.

गोड्या पाण्याचे मासे पुष्कळ घरांत असतात. खाऱ्या पाण्याचे प्रकरण वेगळे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या पेटीला सात किलो खास मीठ लागले. बायको म्हणाली, "सात किलोत आपले दहा वर्षांचे लोणचे झाले असते." मी हसलो. प्रवाळ मात्र आणायचे नाहीत हे आम्ही दोघांनी आधीच ठरवले होते. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि शिक्षकाने घरी चोरीचा समुद्र ठेवून शाळेत निसर्गाचे धडे द्यावेत हे बरे दिसत नाही. कोरडे दगड, वाळू, मिठाचे पाणी, दिवा आणि पंप एवढ्यावर सुरुवात केली.

नवे पाणी लगेच माशांच्या कामाचे नसते. माशांची घाण आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते बरेचसे निरुपद्रवी असते. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पाण्याकडे पाहत बसायचे. मी पाच आठवडे थांबलो आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे आणले. मुलीने त्यांना नावे दिली. घरात ईदसारखा आनंद झाला.

आणि मग रंग बदलू लागले. आधी वाळूवर आणि काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखे झाले. पुसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दगडांवर हिरवे केस उगवले, बोटभर लांब, प्रवाहात डुलणारे. शेवटी वाळूवर काळपट लाल रंगाची चिकट चादर पसरली. दुपारपर्यंत तिच्यावर बारीक बुडबुडे जमत. घरी आलेल्या मेहुण्यांनी पेटीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "आमच्या मशिदीच्या हौदातसुद्धा एवढे शेवाळ नसते." बोलणे थट्टेचेच होते, पण मला ते लागले. पाहुणे यायचे असले की मी पेटीवर चादर टाकू लागलो. सात किलो मीठ घालून आणलेला समुद्र मी लपवू लागलो होतो!

मग मी सगळे करतात तेच केले. बाजारात जाऊन औषध मागितले. दुकानदाराने एक छोटी बाटली दिली आणि म्हणाला, "दोन दिवसांत साफ." बाटलीवर मात्रा लिहिलेली होती. मला दोन दिवससुद्धा जास्त वाटत होते. मी रात्री दुप्पट मात्रा ओतली, दिवा बंद केला आणि झोपलो.

फजरला उठलो तेव्हा दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. नंतर विचार केला तेव्हा कारण समजले, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला ते आधीच समजायला हवे होते. इतके शेवाळ एकदम मेले की ते कुजते. कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. रात्री उजेड नसल्याने नवा ऑक्सिजन तयार होत नाही. पंप वाढवला, निम्मे पाणी बदलले. एक मासा वाचला. दुसरा दुपारी गेला. शेवाळाने त्याला सहा आठवड्यांत काही केले नव्हते. माझ्या उतावळेपणाने एका रात्रीत केले.

मासा कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. मुलगी रडून झोपली. मी दुकानदारावर, बाटलीवर, शेवाळावर चिडत बसलो होतो. बायको शांतपणे म्हणाली, "चारी बाजूंनी काच आहे. वर झाकण आहे. आपण घातल्याशिवाय त्यात काय जाणार?"

वाक्य साधे, पण ते ऐकून मी वही घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. पहिले पाणी मी सरळ नळाचे घेतले होते. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते. ते पिण्यासाठी चांगले, पण पिण्याच्या पाण्यात विरघळलेले सिलिकेट असतेच. तपकिरी धूळ म्हणजे डायाटम. हे सूक्ष्म जीव सिलिकेटपासून आपले काचेसारखे कवच बांधतात. त्यांना घरबांधणीचा माल मी पुरवला होता. दिवा मी बारा-बारा तास चालू ठेवत होतो, कारण रात्री उशिरा दिवाणखान्यात तो सुंदर दिसायचा. माशांना तीन वेळा अन्न घालत होतो. मुलगी चोरून चौथ्यांदा घालत होती. चिमूटभर पुरते तिथे मूठ पडत होती. त्या उरलेल्या अन्नातून फॉस्फेट आणि नायट्रेट साठत गेले. हिरव्या केसांचे खत तेच. लाल चादर जमली ती वाळूच्या ज्या कोपऱ्यात पाणी जवळजवळ हलतच नव्हते तिथे. पंप मी तसा लावला होता, कारण दुसऱ्या बाजूला लावला तर तो पाहुण्यांना दिसला असता.

वहीचे पान भरले. शेवाळाच्या नावावर एकही नोंद नव्हती. सगळ्या नोंदी माझ्या नावावर होत्या.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की शेवाळ हा गुन्हेगार नाही, तो गवाह आहे. पेटीत काय जास्त आहे, काय अडले आहे, मालक किती दिखाऊ आणि किती उतावळा आहे, हे तो हिरव्या-लाल अक्षरांत लिहून सांगत होता. मी त्या साक्षीदारालाच विष पाजले. साक्षीदार मेला म्हणून खटला निकालात निघत नाही. बाटलीनंतर तीनच आठवड्यांत लाल चादर पुन्हा पसरली, आणि पसरणारच होती. मी शेवाळ मारले होते, त्याचे कारण मारले नव्हते.

शरमेची गोष्ट पुढे आहे. उर्दूत शेवाळाला आम्ही काई म्हणतो आणि वनस्पतींनी उजेडातून अन्न तयार करण्याच्या क्रियेला झियाई तालीफ. झिया म्हणजे प्रकाश. तालीफ म्हणजे जोडणे, रचणे. ग्रंथ रचतो तो मुअल्लिफ, त्याच घराण्यातला हा शब्द. दरवर्षी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत हा शब्द लिहितो आणि मुलांना सांगतो की पृथ्वीवर हे काम सर्वांत आधी झाडांनी केलेले नाही. माझ्या वाळूवरची लाल चादर ज्यांची असते त्या सायानोबॅक्टेरियांच्या पूर्वजांनी ते केले. काटेकोर बोलायचे तर ते शेवाळही नव्हेत, जिवाणूच. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यामुळे हवेत ऑक्सिजन साठू लागला. आजही जगातला जवळजवळ निम्मा ऑक्सिजन समुद्रातले तरंगते सूक्ष्म जीव तयार करतात. वर्गात मी ज्यांचे गुण गातो त्यांना घरी 'उपद्रवी' म्हणून विष देतो. ज्या श्वासाने मी त्यांना नावे ठेवली त्या श्वासातसुद्धा त्यांचा वाटा होता.

हे समजायला मला फार लांब जावे लागले नसते. घराजवळच खाडी आहे. नवी मुंबईने फ्लेमिंगोंना आपली ओळख बनवले आहे, चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. मराठीत या पक्ष्याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. दर हिवाळ्याच्या सुमारास ते ठाणे खाडीवर हजारोंनी उतरतात. २०१५ साली खाडीच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले गेले आणि २०२२ साली ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत गेले. त्यांतला छोटा रोहित जगतो कशावर? चोच उलटी पाण्यात बुडवून तो चिखलपाणी गाळतो आणि प्रामुख्याने हेच सूक्ष्म नीलहरित शैवाल खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. म्हणजे ज्या जातीच्या जीवांमुळे मी पेटीवर चादर टाकत होतो, त्यांच्यामुळेच आमच्या शहराचा पक्षी गुलाबी होतो, आणि तो पाहायला लोक दुर्बिणी घेऊन येतात.

मग शेवाळ चांगले की वाईट? प्रश्नच चुकीचा आहे. खाडीत भरती येते, ओहोटी जाते, दिवसातून दोनदा पाणी नवे होते, खाणारी तोंडे हजारो असतात. तिथे ते अन्न आहे. त्याच पाण्याची वाट अडवा, मग पाहा.

असे पाहायची वेळ नेरूळवर आली. इथल्या दिल्ली पब्लिक स्कूलमागे सुमारे ३० एकरांची पाणथळ जागा आहे. तिला सगळे डीपीएस तलाव म्हणतात. खाडीला भरती आली की रोहित तिथे विसाव्याला येतात. पण खाडीचे पाणी तलावात ज्या वाटांनी येते त्या बुजल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि परिसरात मेलेले फ्लेमिंगो सापडले. लोकांनी आवाज उठवला. पुढे पाणी आले तरी ते पूर्वीसारखे खेळते नव्हते, आणि पृष्ठभागावर शेवाळाचा थर पसरल्याच्या बातम्या आल्या. पक्षी येईनासे झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. कागदावर ही चांगलीच गोष्ट झाली. पण मी त्या तलावाच्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला माझ्या पेटीचा तो कोपरा आठवला, जिथे पाणी हलत नव्हते. एक जागा चार फुटांची, दुसरी ३० एकरांची. शेवाळ दोन्हीकडे एकच गोष्ट सांगत होते : वाट अडली आहे. वरचा थर उपसून काढणे आवश्यक असेल, पण वाट मोकळी झाली नाही तर तो उपसा दरवर्षी करावा लागेल.

इथे कुणी विचारेल, मग काय शेवाळाला तसेच वाढू द्यायचे? साक्षीदार म्हणून त्याची आरती करायची? नाही. माझे नाना रत्नागिरीकडचे, दालदी समाजातले, आयुष्यभर मासेमारी केलेले. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्या बुडावरचे शेवाळ आणि चिकटलेल्या कवच्या ते खरवडून काढत, लाकडाला तेल देत. शेवाळ ठेवले तर होडी जड होते आणि लाकूडही टिकत नाही. पण खरवडताना मी त्यांना कधी शिव्या देताना ऐकले नाही. म्हणायचे, "पाण्यात राहायचे तर पाण्याचे भाडे भरावे लागते." आता वाटते की काढणे आणि सूड घेणे यांतला फरक त्यांच्या हातांना माहीत होता. जे काढायचे ते काढावे, पण आपल्या चुकीचा राग त्याच्यावर काढू नये.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. फार तर शाळेच्या भित्तीपत्रकावर एक टिपण लावले असते. लिहावे लागले ते एका विद्यार्थ्यामुळे.

सातवीत एक मुलगा आहे. त्याचे नाव लिहीत नाही. बाकावर डोके टाकून झोपायचा, उठवले की शेजाऱ्याला मारायचा, खडू फेकायचा, एकदा दुसऱ्याची वही खिडकीतून टाकली. मी त्याच्याविषयी लेखी शेरा दिला होता आणि मुख्याध्यापकांना सुचवले होते की त्याला दुसऱ्या तुकडीत पाठवावे. शेऱ्यात मी शब्द वापरला होता, 'वर्गासाठी उपद्रवी'. पेटीचा हिशेब मांडला त्याच आठवड्यात तो कागद पुन्हा माझ्या हाती आला, सही करायची राहिली होती म्हणून. तोच शब्द. माझेच अक्षर. मला लिहिता येईना.

सही न करता मी त्याला मधल्या सुटीत थांबवले आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारला जो वर्षभर विचारला नव्हता. "रात को कब सोते हो?" तो म्हणाला, "सर, नऊ बजे." मग उठतोस कधी? तीन वाजता. वडिलांचे काम सुटले होते. मामाबरोबर तो पहाटे तुर्भ्याच्या भाजी बाजारात जात होता, टोपल्या उतरवायला. तिथून घरी, आंघोळ, शाळा. माझा तास चौथा. त्या वेळेपर्यंत त्याला उठून नऊ तास झालेले असत. वर्षभर मी त्याला 'बाज आ जाओ' म्हणत होतो. काय घातले आहे आणि काय अडले आहे, हे मी विचारलेच नव्हते.

मी त्याच्या घरी गेलो. वडील नजर खाली घालून बसले. मामा म्हणाला, "सर, आम्हाला हौस आहे का?" बारा-तेरा वर्षांच्या मुलाने टोपल्या उचलणे चुकीचे आहे, कायद्यानेही चुकीचे आहे, आणि हे मी तिथे बोललो. पण बोलून घरात पगार येत नाही, हेही मला दिसत होते. आता तो रोज जात नाही, आठवड्यातून दोन दिवस जातो. वडिलांना अजून पक्के काम नाही. मुलगा साधू झाला असे सांगता येत नाही. गेल्याच आठवड्यात त्याने पुन्हा खडू फेकला आणि मी त्याला बाहेर उभे केले. नानांच्या हिशेबाने तेही भाडे. पण तो कागद मी फाडला.

उपमा मात्र फार ताणू नये. मुलगा म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल अंदाज बांधावा लागतो. मुलाला तोंड असते. त्याला न विचारता त्याच्याबद्दल अंदाज बांधणे हा मोठा गुन्हा. शेवाळाच्या बाबतीत माझी चूक अज्ञानाची आणि घाईची होती. मुलाच्या बाबतीत ती आळसाची होती. ही चूक मला जास्त जड वाटते.

आणखी एक गोष्ट आहे. उपद्रवी कोण हे नेहमी काचेचा मालकच ठरवतो. माशांना कुणी विचारत नाही, शेवाळाला तर नाहीच. पेटीत दिवा कधी लावायचा, पाणी कुठे अडवायचे, अन्न किती टाकायचे हे ज्याच्या हाती असते, तोच शेवटी बोट दाखवून म्हणतो, "यांनी घाण केली." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी वस्तीवस्तीत ऐकलेले आहे, या अंकाच्या वाचकांना ते वेगळे समजावून सांगायला नको. पण आपण ते फक्त ऐकलेले नाही, वेळ आली की उच्चारलेलेही आहे. माझ्या हाती तर ते सहीसाठी आले होते.

पेटीचे म्हणाल तर ती ठीक आहे. आता गाळलेले आरओचे पाणी वापरतो, दर आठवड्याला दहावा हिस्सा बदलतो. दिवा सात-आठ तास. अन्न एकदा, चिमूटभर, आणि मुलीने तिची चौथी वेळ सोडून दिली आहे. पंप समोरच्या बाजूला आहे, दिसायला वाईट, पण पाणी कोपऱ्याकोपऱ्यात फिरते. काही समुद्री गोगलगायी आणल्या. त्या रात्री काचेवरून हळूहळू चरत जातात आणि मागे स्वच्छ पट्टे सोडतात. समोरची काच मी दर जुम्म्याला सकाळी पुसतो. औषधाची बाटली फेकलेली नाही. ती पेटीशेजारीच ठेवली आहे, मला दिसावी म्हणून.

मागच्या काचेवरचे हिरवे मी मुद्दाम राहू दिले आहे. गोगलगायींना खायला लागते म्हणून, आणि मलाही वाचायला लागते म्हणून. ते एकाएकी वाढले की मी आता बाजारात जात नाही. वही काढतो आणि आठवडाभरात आपण काय घातले ते आठवू लागतो.